हृदयाचा पब्लिक आयपी

सबनीसांनी चहाचा कप खाली ठेवून छातीवरचं बटण दाबलं. "मी ठीक आहे का?"

"ठीक आहात," इस्पितळातल्या यंत्राने कळवलं.

बँकेला वर्षातून एकदा हयातीचा दाखला देणारे सबनीस आता तो दर पाच मिनिटांनी मागत होते. त्यांच्या हृदयातलं यंत्र घरच्या ब्रॉडबँडवर चाले, आणि ब्रॉडबँडचा आयपी प्रायव्हेट होता. म्हणजे सगळ्या सोसायटीला मिळून बाहेरचा एकच पत्ता. आतून विचारलं तर उत्तर यायचं. आपणहून बाहेरून कुणाला आत येता येत नसे, इस्पितळालाही नाही.

"अहो, आंघोळ तरी धड करा," मालतीबाई म्हणाल्या. "घ्या एकदाचा तो पब्लिक आयपी."

दुपारी ब्रॉडबँड कंपनीचा माणूस येऊन हृदयाला स्वतंत्र पत्ता देऊन गेला. "आता बटण विसरा, काका. इस्पितळ स्वतःच बघून जाईल."

इस्पितळ बघून गेलं. पाठोपाठ दोन विमा कंपन्या येऊन गेल्या. कुणीतरी नाव न सांगता नुसतेच ठोके मोजले. अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्याने आगाऊ नोंदणीवर सवलत कळवली. कुणी आत आलं की छातीतलं यंत्र टकटक करी. दर टकटकीला सबनीसांची धडधड वाढे, आणि धडधड वाढली की टकटकही वाढे.

संध्याकाळी त्यांनी ब्रॉडबँड कंपनीला फोन लावला. "पुन्हा प्रायव्हेट करून टाका."

"काका, परत बटण दाबत बसावं लागेल."

"बसेन. मी विचारायचो तेव्हा उत्तर ऐकून मला बरं वाटायचं. आता हे लोक विचारतात, आणि मी ठीक आहे कळल्यावर त्यांचा हिरमोड होतो."