कानशीचे हात

वखारवाल्याने आपलं नवं, चेनने लाकूड कापणारं मशीन ओंडक्यावर टेकवलं, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"वेळ तू बघ, पोरी. तुझा बाप असता तर म्हणाला असता, याच्या घड्याळावर विश्वास ठेवू नका."

शेडच्या दारात उभी असलेली आई हसल्यासारखी झाली, तेवढंच.

नवं मशीन अठरा सेकंदांत पार झालं. लाकडाची चकती खाली पडली, तिच्याभोवती कणीदार भुसा.

मग त्याने बाबांचं मशीन उचललं. तेच विकत घ्यायला तो आला होता. जुनंपुराणं, सायलेन्सरचं तोंड बाबांनी स्वतः कापून मोठं केलेलं, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. कुणाचं मशीन सरपण लवकर पाडतं यावरून दोघांची वर्षानुवर्षं जुंपायची. तीन आठवड्यांपूर्वी याच शेडमध्ये या मशीनने उसळी घेतली आणि ते बाबांच्या मानेत शिरलं. हात निसटला असेल, लोक म्हणाले. वय झालं होतं.

"चेन तीच?" त्याने विचारलं.

"तीच, काका. धुतलीय."

नवी चेन खोक्यात, फळीवर होती. ती चढवायला पाच मिनिटं लागली असती, आणि तिच्याकडे तीन आठवडे होते. तरी तिने चढवली नव्हती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्याने दोरी ओढली. चेन लाकडाला लागली मात्र, मशीनने त्याला हिसका दिला. त्याने पाय रोवले, दात आवळले आणि ते कसंबसं आवरून धरलं. चकती पडली तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

"किती?"

"अकरा."

हरल्यावर तो नेहमी काहीतरी खोट काढायचा. आज काढली नाही. तो वाकून जमिनीकडे बघत राहिला. भुसा नव्हताच तिथे. नखाएवढ्या जाड ढलप्या होत्या.

"हे कापणं नव्हे," तो म्हणाला. "हे लचके तोडणं आहे."

त्याने पाना घेऊन चेन सोडवली, चष्मा लावला आणि ती तळहातावर घेऊन उजेडात गेला.

चेनच्या प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो. दाताने लाकडात किती खोल जायचं ते तो ठरवतो. दात झिजले की त्या उंचवट्यावर कानशीचे दोन हात मारायचे. जास्त मारले तर मशीन वाऱ्यासारखं धावतं आणि माणसाच्या हातात राहत नाही. हे बाबांनीच तिला शिकवलं होतं, दोन वर्षांपूर्वी, त्यांना जवळचं दिसेनासं झालं तेव्हा. "बोलू नकोस हं कुठे," ते म्हणाले होते. "आंधळ्याला लाकडं फोडायला कोण बोलावील?" तेव्हापासून कानस तिच्या हातात होती.

मग वखारवाल्याने नवं मशीन आणलं. बाबा हरून घरी आले. "म्हातारे झालो आम्ही दोघं. मी आणि ते मशीन," एवढंच बोलले. जेवताना त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये बसली आणि तिने प्रत्येक उंचवट्यावर पाच हात मारले. संध्याकाळी बाबा तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय गं, आज लोण्यातून गेल्यासारखं गेलं." तिसऱ्या दिवशी ते गेले.

"हे कुणी घासलं?" वखारवाल्याने चेनवरची नजर न काढता विचारलं.

तिने तोंड उघडलं.

"त्यांनीच," आई दारातून म्हणाली. "दुसरं कोण घासणार? मशीनला कुणाला हात तरी लावू द्यायचे का?"

वखारवाल्याने चष्म्यावरून आईकडे पाहिलं. गेल्याच महिन्यात त्याच्या वखारीत बाबांनी पावती उलटी धरून वाचल्याचं नाटक केलं होतं, आणि त्याने ते पाहिलं होतं. लेकही तेव्हा तिथेच होती.

त्याने चष्मा काढून सावकाश खिशात ठेवला.

"खरंय, वहिनी," तो शेवटी म्हणाला. "हट्टीच होता."

त्याने चेन एका फडक्यात गुंडाळली आणि मुलीच्या हातात दिली. "ही मला नको. मी दुसरी घालीन." मग दोन्ही हातांत एकेक मशीन घेऊन तो गेला. घड्याळ तिच्याच मुठीत राहिलं.

आईने झाडू घेतला. ती ढलप्या एका बाजूला लोटू लागली. चूल पेटवायला त्या बऱ्या पडतात.

"आई, तू त्यांना..."

"स्वयंपाकघर भिंतीच्या पलीकडेच आहे माझं." आईने मान वर केली नाही. "तीस वर्षं ऐकतेय. दोन हात, थांबायचं. दोन हात, थांबायचं. आधी त्यांचे. मग तुझे."

तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. आत चेन खुळखुळली.

"त्या सकाळी पाच ऐकू आले," आई म्हणाली. झाडू थांबला नव्हता. "वाटलं, उठावं आणि विचारावं, आज काय गं एवढं. पण दूध वर येत होतं. म्हटलं, उतू जाईल."