पाचशे कार्डं

"सम्राट, हे खाली काय छापलंयस?"

नृसिंह सरांनी कार्ड टेबलावर आपटलं. शिवाजी पेठेतल्या त्या छापखान्याची ही त्यांची चौथी खेप. पहिल्या नमुन्यात वर गणपती आला होता. दुसऱ्यात खुद्द सर, हात जोडलेले. तिसऱ्यात शुभेच्छुक म्हणून सात नावं, त्यातलं एकही सरांच्या ओळखीचं नाही. सरांनी दर वेळी सगळं काढायला लावलं. आज पाचशे कार्डं छापून, गठ्ठे बांधून तयार. वर सरांच्या घरच्या हौशी रेडिओ स्टेशनचं नाव ठळक, मधे रंकाळा तलावाचं चित्र, तारीख-वेळेचे रकाने अगदी हवे तसे. आणि तळाला लाल अक्षरांत: 'आमचेकडे सहकुटुंब अगत्य येणेचे करावे.'

"मोकळं मोकळं दिसत हुतं सर," सम्राट म्हणाला. "बोलावणं न्हाय अशी पत्रिका आमच्याकडनं अजून भाईर गेल्याली न्हाय."

"अरे, ही पत्रिका नाही! किती वेळा सांगू? रेडिओवर लांबच्या माणसाशी बोलणं झालं की त्याला हे कार्ड पाठवायचं. अमुक दिवशी, अमुक वाजता तुमचा आवाज मला ऐकू आला, याची ही पावती. कुणाला जेवायला बोलवायचं नाहीये!"

"परवा नवीन छापून देतो की."

"परवा काय करू मी? आर्वोचं कार्ड आज टपालात पडायला पाहिजे."

"ह्यो कोण आर्वो?"

"फिनलंडचा. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात अकरा मिनिटं बोललो आम्ही. या महिनाअखेरीला त्याला वृद्धाश्रमात नेणार आहेत, तिथे एरियल लावू देत नाहीत. म्हणाला, माझं शेवटचं बोलणं तुमच्याशी झालं, तेवढं कार्ड मी घर सोडायच्या आत पाठवा."

सम्राटनं कार्डावरची लाल ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "त्यास्नी मराठी येतंय व्हय?"

"कसं येईल?"

"मग झालं की! नक्षी हाय म्हणतील."

"नक्षी!" सरांनी खिशातलं पेन काढलं. "आण इकडे. खोडूनच टाकतो."

"खोडू नका सर. शेवटचं कार्ड म्हणताय, आन् त्यावर खाडाखोड?" सम्राटनं गठ्ठ्यातलं एक कोरं कार्ड काढून, बाहीनं पुसून त्यांच्यापुढं ठेवलं. "तितं आश्रमात भेटाय कोण येणार हाय त्यास्नी?"

"मला काय माहीत? आम्ही नाव, गाव, हवा आणि आवाज कसा येतोय, एवढंच बोलतो."

"अकरा मिन्टं?"

सरांनी कार्ड पुढे ओढलं. मान खाली घालून त्यांनी तारीख लिहिली, वेळ लिहिली, आर्वोचं नाव लिहिलं, सही केली. पेन लाल ओळीपाशी आलं आणि थांबलं. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत राहिलं. मग ओळीच्या खाली उरलेल्या बोटभर जागेत सर बारीक अक्षरांत इंग्रजी लिहू लागले.

सम्राट टेबलावर वाकला. "आता काय लिवताय?"

"तू छापलंस त्याचा अर्थ!" सर खेकसले. "टेबल हलवू नकोस. पत्ता लिहायचाय अजून."