शुद्धीतली सही

"बधामां 'ना' लखवानुं, काका," एजंट गोविंदभाई म्हणाला आणि लायसन्स नव्यानं काढायच्या फॉर्मवरच्या प्रत्येक प्रश्नापुढे धडाधड 'ना' ठोकत सुटला. फिट येते? ना. रातांधळेपणा? ना. अचानक चक्कर, शुद्ध हरपणं? ना. आरटीओसमोरच्या त्याच्या पत्र्याच्या टपरीत अख्खं बडोदं ठणठणीत होतं. तपासणीच्या कागदावर डॉक्टरचा शिक्काही आधीच मारून ठेवलेला.

"चक्करपुढे हो लिहा," अहल्या म्हणाली.

गोविंदभाईचं पेन थांबलं. तिच्या नवऱ्यानं, हेरंबरावांनी, मान वळवली. "तुला कोणी विचारलं?"

"फॉर्मनं विचारलंय. आणि सगळं खरं आहे म्हणून खाली सही मागतोय."

"काकी, 'हो' लिहिलं की माथाकूट सुरू," गोविंदभाई समजुतीनं म्हणाला. "मोठ्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, इन्सुलिनचे कागद आणा, मग विमावाले विचारणार आधी का नाही सांगितलं. कशाला? डायबिटीस तर माझ्या कुत्र्यालापण आहे."

"कुत्रा गाडी चालवतो का?"

गोविंदभाई हसला. हेरंबराव हसले नाहीत.

मागच्या मंगळवारी समा रस्त्यावर त्यांची गाडी हिरव्या दिव्याखाली उभी राहिली होती. मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि हेरंबराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बायकोलाच विचारत होते, "बाई, तुम्हाला कुठे उतरायचं?" मागच्या सीटवर सहा वर्षांची नात कांचन खदखदून हसली. तिला वाटलं, आजोबा गंमत करतायत.

"कोयलीला रिफायनरीत तीस वर्षं शिफ्ट सांभाळली मी," हेरंबरावांचा आवाज चढला. "एक व्हॉल्व्ह चुकला असता तर हे शहर राहिलं नसतं. आणि ही मला शिकवणार! हिला अजून स्कूटर स्टँडवर लावता येत नाही. तुझ्या बापानं तरी गाडी पाहिली होती का गं? बैल हाकायची लायकी नव्हती त्याची!"

रांगेतले दोघे वळून बघायला लागले. अहल्यानंही चमकून वर पाहिलं, पण ते शब्दांमुळे नव्हे. तिच्या बापावर हे एरवी कधी जात नसत. साखर उतरली की यांची आधी जीभ सुटायची, मग घाम फुटायचा, मग हात थरथरायचे. पंखा थेट अंगावर होता, तरी वरच्या ओठावर थेंब जमले होते. तिनं पर्समधली ग्लुकोजची पुडी गोविंदभाईच्या पाण्याच्या बाटलीत रिकामी केली.

"प्या."

"नको मला तुझं काही."

"शिव्या द्यायलासुद्धा ताकद लागते. प्या आधी."

ते प्याले. अर्धं शर्टावर सांडलं.

गोविंदभाईला घाई होती. त्यानं कागद पुढे सरकवला. "काका, एक सही करी दो, बस."

अहल्यानं कागदावर पंजा ठेवला. "पंधरा मिनिटं थांबा. आत्ता हे 'हो' म्हणाले तरी मला नको आणि 'ना' म्हणाले तरी नको. माणूस जागेवर येऊ दे."

तेवढ्या वेळात गोविंदभाईनं आणखी तिघांना निरोगी केलं. हेरंबरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. त्यांनी रुमालानं ओठ पुसले, ओला शर्ट पाहिला, आणि खालच्या आवाजात विचारलं, "बाप काढला का मी तुझा?"

"काढलात."

"चुकलो."

अहल्याला एकदम हलकं वाटलं. तिनं कागद त्यांच्याकडे वळवला. स्वतःचं पेन टोपण काढून पुढे केलं.

हेरंबरावांनी चष्मा लावला. शिफ्ट ताब्यात घेताना लॉगबुक वाचायचे तसा पहिल्या ओळीपासून फॉर्म वाचला. चक्करपुढच्या 'ना'शी बोट थांबलं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती. हात जराही थरथरत नव्हता.

"बरोबर भरलंय," ते गोविंदभाईला म्हणाले, आणि खाली घोटीव अक्षरात सही केली. पेन तिला परत दिलं. "आणि पुन्हा चारचौघांत माझं दुखणं काढायचं नाही. चल, साडेबाराला शाळा सुटते. कांचन वाट बघेल."

आवाज अजिबात चढलेला नव्हता.

ते गाडी आणायला गेले. अहल्यानं फोन काढला आणि कांचनच्या शाळेचा नंबर लावला. शाळेच्या रजिस्टरात मुलीला न्यायला येणारे म्हणून नवराबायको दोघांची नावं होती.

"आजपासून कांचनला आजोबांबरोबर सोडू नका. मीच येतेय, रिक्षानं. मी येईपर्यंत तिला आत बसवून ठेवा."

"रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, आंटी," पलीकडची मुलगी म्हणाली. "कारण शुं लखुं?"

गाडी टपरीसमोर येऊन थांबली. हेरंबरावांनी आतून वाकून तिच्या बाजूचं दार उघडलं आणि सीटवरचं वर्तमानपत्र उचलून तिला जागा केली.

"आंटी? कारण?"

अहल्यानं उघड्या दाराकडे पाठ केली.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "आधी त्यांचं पूर्ण नाव सांगते, मग दुखणं."