पकड

"अगं, आपण जमिनीवर उभे नाही, आकाशात उलटे लोंबकळतोय. पकड सुटली की गेलो," लवू म्हणायचा.

"आधी जेवून घ्या, मग सुटा," बायको वनमाला म्हणायची.

घाटकोपरच्या गच्चीवर हाताने आरसा घासून त्याने दुर्बीण बनवली होती. हॅलेचा धूमकेतू आला त्या वर्षी, एका संध्याकाळी तो गच्चीवरून नाहीसा झाला. खाली सगळीकडे शोधलं. सापडला नाही.

आज वनमालाने दुर्बिणीला डोळा लावला. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं, तशी समोरची गच्ची उलटीच होती. टाकी उलटी, वाळत टाकलेले कपडे उलटे. मध्ये लवू मात्र सरळ उभा, तिला हाताने बोलावत.

म्हणजे खरा तो उलटा लोंबकळत होता.

तिने कठडा गच्च धरला. पायातली चप्पल सुटली. ती पडल्याचा आवाज आलाच नाही.