पायऱ्या नसलेला हॉल

दोन्ही डायऱ्या टेबलावर उघड्या होत्या आणि दोन्हींत एकाच रविवारी लग्न होतं.

मॅनेजरबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चष्मा पुसल्याने अक्षर थोडंच बदलतं! नव्या डायरीत, नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी शिंपीकाका. जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर, त्याच रविवारी डॉक्टरीणबाई. दोन्हीकडचं अक्षर त्यांचं स्वतःचंच.

घोळ मागच्या सोमवारी झाला होता. सकाळी शिंपीकाका गळ्यात टेप तसाच ठेवून आले. फाटकापासून स्टेजपर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "एकही पायरी नाही. मुलीचं लग्न इथेच." बाईंनी नव्या डायरीत नोंद केली. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा बाई हॉलच्या स्वयंपाकघरात भांडी मोजत होत्या आणि काखेत होती जुनी डायरी. वर्षभर तिच्यातच लिहिलेलं, त्यामुळे हात आपोआप तिच्या शेवटच्या पानावर गेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगीच नाही.

त्यात हे थंडीतले सुट्ट्यांचे दिवस. सगळ्या शहरात एक हॉल रिकामा नव्हता. आणि मालक उद्या दुपारी बाराला गावाहून परतणार होते. याआधीच्या एका घोळानंतर ते अगदी शांतपणे म्हणाले होते, "पुढच्या वेळी चावी टेबलावर ठेवायची आणि मागच्या खोल्या रिकाम्या करायच्या."

त्या खोल्यांत बाई आणि त्यांचा धाप लागणारा नवरा राहत होते. ह्या कडाक्याच्या थंडीत त्याला घेऊन जायचं कुठे?

"दोघांना बोलाव," नवरा खाटेवरून म्हणाला. "समोरासमोर बसव आणि खरं काय ते सांगून टाक. माणसंच आहेत."

"आणि ते तडक मालकांकडे गेले म्हणजे?"

"एवढं घाबरून कुणी जगतं का गं?"

"घाबरून राहिले म्हणून तुम्ही आज उबेत आहात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला.

पहिला फोन डॉक्टरीणबाईंना. "ताई, तारीख जरा मागेपुढे..."

"अजिबात नाही. सगळ्यांच्या सुट्ट्या बघून ठरवलीय. आणि हॉलही हाच हवा. उद्या अकराला बघायला येते. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची काढून टाका."

"काढून?"

"हो, काढून. तिथे मोकळी जागा हवी मला."

हुकूम सोडावा तर असा! बाई म्हणाल्या, "हो ताई. सगळं व्यवस्थित आहे."

राहिले शिंपीकाका. मऊ लागलं म्हणून कोपराने खणायचं ही जगाची रीत, आणि बाई काही जगावेगळ्या नव्हत्या.

"काका, घात झाला हो. पाइप फुटला. हॉलभर घोटाघोटा पाणी. लाकडी जमीन पार फुगून वर आलीय. महिनाभर तरी काही खरं नाही."

पलीकडचं शिलाई मशीन थांबलं.

"तुम्हाला कुठे लागलं नाही ना, बाई?"

"नाही."

"मग झालं. पाण्यापुढे कुणाचं चालतं? पण आईला पायऱ्या चढवत नाहीत हो. बाकीचे सगळे हॉल वरच्या मजल्यावर." मशीन पुन्हा सुरू झालं. "बघतो काहीतरी. तुम्ही एकट्या एवढं पाणी कशा काढणार? येऊ का बादल्या घेऊन?"

"नको, नको!" बाई इतक्या जोरात ओरडल्या, की नवरा दचकून उठून बसला.

फोन ठेवल्यावर त्यांनी नव्या डायरीतली नोंद खोडली. शरम वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं. शरमेपेक्षा सुटका मोठी होती, हे त्यांनी मनातल्या मनात कबूलही केलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सकाळपासून हॉल घासूनपुसून काढला. लाकडी जमीन अशी चमकवली, की वरचे दिवे खाली दिसावेत. कडेची खुर्ची स्वतः उचलून आत नेली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मालक यायच्या आत हे एवढं पार पडू दे, म्हणून त्या दारातच उभ्या राहिल्या.

पावणेबाराला गाडी आली. डॉक्टरीणबाई एकट्याच झपाझप आत शिरल्या, जमिनीकडे बघून खूश झाल्या, मोकळ्या जागेकडे बघून त्याहून खूश झाल्या.

"छान! अगदी हवी तशी. आमचे व्याही काल संध्याकाळी घरी आले, डोळ्यांत पाणी. म्हणाले, ठरवलेला हॉल हातचा गेला. मी म्हटलं, आता घोर सोडा, तुमच्या आईंचा विचार करून मी आधीच एक घेऊन ठेवलाय. कुठला ते मुद्दाम सांगितलं नाही. समोर बघून त्यांचा चेहरा कसा खुलतो ते बघायचंय मला." त्या दाराकडे वळल्या. "या ना आत, तिथेच काय थबकलात?"

चाकाची खुर्ची चमकत्या जमिनीवरून अलगद आत आली. खुर्चीतली म्हातारी इकडेतिकडे बघत हसत म्हणाली, "एकही पायरी नाही रे!" पहिल्या रांगेच्या कडेला, जिथली खुर्ची काढली होती, तिथे तिची खुर्ची बरोबर बसली.

खुर्ची ढकलणाऱ्याच्या गळ्यात टेप होता. बाईंकडे न बघता शिंपीकाका खाली वाकले आणि कापड पारखावं तसा त्यांनी जमिनीवरून सावकाश हात फिरवला.