बाजाराची फेरी

आमच्या तांड्यातल्या बायकांनी भरतकाम केलेल्या पिशव्या माझी नात वर्षा चादरीवर मांडायची आणि फोटो इन्स्टावर टाकायची. दोन महिन्यांत एकही पिशवी गेली नाही.

"दादी, मी आता पेज बंदच करते."

"काहून? माह्या सासूनं कधी माल मांडला नाही. फेटिया-काचळी घालून, पिशवी खांद्याले लावून ते घाटंजीचा अख्खा बाजार फिरे. बायाच मागं येत, कोणी भरली म्हणून विचारत. चाल, मोबाईल घे."

पेटीच्या तळातून मी माझा आरशाकवड्यांचा घागरा, फेटिया, काढला. वर्षा पाचवीत असताना तो घालून तिच्या शाळेत गेले होते. "पोरी हसतात, साडी नेसून येत जा," म्हणून ती रडली होती. तेव्हापासून तो पेटीतच होता.

घाटंजीच्या बाजारात मी भाजीच्या दुकानांमधून पिशवी मिरवत फिरले. वर्षाने व्हिडिओ काढून टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा जणींनी पिशव्या मागितल्या.

मी फेटिया घडी करून पेटीत ठेवू लागले, तर वर्षाने हात धरला.

"दादी, पयले माह्या मापाचा फेटिया शिव. पुढचा बाजार मले फिराचा हाय."