मोटरच्या आवाजावर

"पाणी आलं!" गल्लीत आरोळी उठली आणि साळव्यांच्या घरातली सकाळची प्रार्थना थेट नळापाशी आली. आईचा नेमच होता. पाणी येवो न येवो, प्रार्थना चुकवायची नाही, आणि प्रत्येकानं ती मोठ्यानं करायची. मोटरच्या आवाजावर तिनं आवाज चढवला, "प्रभू, ह्यांच्या गुडघ्याला आराम दे... एस्तेर, पिंप भरलं, नळी काढ!... आणि माझ्या लेकीला सांभाळ, आमेन!"

"अगं, देव बहिरा हाय का?" घागर उचलत पप्पा म्हणाले.

"मोटर चालू हाय की! एस्तेर, आता तू म्हण."

"माझं मनातल्या मनात झालं, आई," एस्तेर नेहमीसारखं म्हणाली.

"मनातलं देवाला ऐकू जातं गं," आई हसली. "मला कुटं जातं?"

पुढच्या वेळी पाणी आलं, तेव्हा आईला माती देऊन झाली होती. आरोळी उठली, तरी घरातलं कुणी जागचं हललं नाही. मग एस्तेरच पळाली. तिनं मोटर लावली, नळी पिंपात सोडली आणि ओरडली, "प्रभू, पप्पांच्या गुडघ्याला आराम दे... पप्पा, बादल्या आणा, लवकर!"

पप्पा बादल्या घेऊन आले. त्यांचे डोळे भरले होते. "पोरी, देव बहिरा हाय का?"

"देवाला रोजच ऐकू जायचं, पप्पा," ती म्हणाली, आणि तिनं आवाज आणखी चढवला, "प्रभू, मला ही आई दिलीस म्हणून मी रोज तुझे उपकार मानत आलेय!"